मोबाइलवर आळ, हॅलोजन नामानिराळे!

आमची बोट आहे असं सांगितलं की शहरातल्या मैत्रिणींना भारी वाटतं. अगं, ती मासेमारीची बोट! एकदा समुद्रात गेली की पाच-सहा दिवस माझा जीव टांगणीला. किनारा सुटला की वीज म्हणजे केबिनखालच्या बॅटरीत असेल तेवढी, आणि इंजिन चालू असेपर्यंत डायनामो भरील ती. बस्स.

गेल्या हंगामात एका रात्री जाळं टाकून, इंजिन बंद करून बोट थांबली होती. पहाटे तांडेलाने सेल्फ मारला, तर नुसतं ‘टक्’. वायरलेसही त्याच बॅटरीवर. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण आपण बोलायला बटण दाबलं की सेट बंद! बोलायला वीज कितीतरी जास्त लागते ना. दुपारी ओळखीची बोट दिसली, तिने दोर लावून ओढून आणलं म्हणून बरं. मला हे कळलं चार दिवसांनी, तेही मच्छीबाजारात. घरी येऊन विचारलं तर हे म्हणतात, ‘‘पोरांनी मोबाइल लावले, बॅटरी उतरली. तुला काय कळतंय बोटीतलं?’’

नसेल कळत. पण डिझेल-बर्फाची वही मीच लिहिते. घेतलं पेन. बॅटरी 12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची. गुणाकार केला, 1200 वॅट-अवर. मुलगा म्हणाला, ‘‘आई, त्यातली निम्मीच आपली. दरवेळी तळ गाठला तर बॅटरी लवकर मरते.’’ म्हणजे 600. सहा खलाशांचे सहा मोबाइल, एकेकाला 15 धरले तरी झाले 90. मग बाकीची गेली कुठे? डेकवरचे 100 वॅटचे दोन हॅलोजन, सहा तास जळत होते. झाले 1200! सगळी बॅटरी त्यांनी गिळली आणि आळ आला पोरांवर. घरात दूध उतू गेलं की सुनेकडे बघतात, तसंच.

माझं मत विचाराल तर खलाशांचे मोबाइल अजिबात बंद करू नयेत. घरापासून आठवडाभर लांब असतात बिचारे. हॅलोजन काढा आणि 20 वॅटचे एलईडी लावा. दोन दिवे सहा तास म्हणजे 240. मोबाइल धरून 330, वर वायरलेसला उरतातच. आणि दुसरी बॅटरी घ्याच. एक फक्त सेल्फसाठी. दिवे, मोबाइल, वायरलेस दुसरीवर. मध्ये स्विच असा हवा की इंजिन बंद असताना एकीने दुसरीची वीज ओढू नये. सेल्फ लागला की डायनामो चालतो, मग वायरलेसही बोलतो. केबिनवर सोलर पॅनेल टाकलं तर उत्तमच, पण ढगाळ दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका, आणि काचेवरचं मीठ रोज पुसायला सांगा. हौसेने मिक्सर-बिक्सर मात्र नको. 750 वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो. वाटण मी घरून देते.

खर्चाचं म्हणाल तर एका फेरीच्या डिझेलपेक्षा बॅटरी स्वस्त पडते. हे मी वहीतच दाखवलं, तेव्हा कुठे हे गप्प बसले. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हाची रात्र मी विसरलेले नाही. बोटीवरून एक शब्द यावा म्हणून दारात बसून होते.

जून-जुलैच्या बंदीत दुसरी बॅटरी बसली. आता निघताना डब्याबरोबर मी विचारते, ‘‘अहो, दोन्ही भरल्यात ना?’’ हे वैतागतात, पण बघून येतात. शेजारच्या बोटीला अजून एकच आहे. काल तिच्या मालकिणीकडे वही घेऊन गेले होते. ती म्हणाली, ‘‘ठेवून जा, यांना रात्री दाखवते.’’