निवासी मानसोपचार केंद्रात दाखल करताना भेटीचा नियम आधी विचारा

रुग्णाला दाखल करायची वेळ आली की हिंगोलीतल्या कुटुंबाला आधी अंतर आडवे येते. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत; त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. मग नातेवाईक जवळचे खासगी निवासी केंद्र शोधतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा. दारू किंवा अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही याच कायद्यात येतात.

2001 मध्ये तमिळनाडूतील एरवाडीत आग लागून साखळ्यांनी बांधलेल्या 28 रुग्णांचा मृत्यू झाला. आज साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. सक्तीने डोके भादरता येत नाही, एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने थोडा वेळ बांधता येते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे बहुधा तुमच्यापैकीच कुणाला, 24 तासांत कळवावे लागते.

‘पहिला महिना भेट नाही, फोनही नाही’ असे केंद्राने सांगितले तर सावध व्हा. वाजवी वेळेत भेटण्याचा व फोनवर बोलण्याचा रुग्णाला हक्क आहे. चकचकीत खोल्यांपेक्षा मी या उत्तराला जास्त महत्त्व देतो. तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. दाखल करणे गरजेचे आहे का, अशी शंका असेल तर आधी टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.