तूच बनव, तूच तपास

सध्या मी विमानाचे पार्ट घेणाऱ्या कंपन्यांसाठी सप्लायर-क्वालिटीचं सॉफ्टवेअर लिहितो. परवा त्यात एक स्क्रीन करत होतो, 'डेलिगेशन रजिस्टर'. म्हणजे मोठी कंपनी सप्लायरला सांगते, पार्ट तूच बनव, तूच तपास आणि पास करून पाठव, आम्ही परत तपासणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उडालोच. विमानाच्या पार्टला असं? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पण एएस९१०० हे स्टँडर्ड वाचलं तर ते इतकं भाबडं नाही. सोपवायला परवानगी आहे, पण नेमकं काय सोपवलं ते लिहा, कुणाला सोपवलं याचं रजिस्टर ठेवा, आणि तो तपासतो कसा हे अधूनमधून स्वतः बघा. जबाबदारी मात्र सोपवणाऱ्याचीच. मला हे पटलं. एकच माप दोन ठिकाणी मोजून तसंही काय मिळतं?

हे वाचताना २०२० चा जून आठवला. नांदेडला इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, लॉकडाऊन, म्हणून मी गावी, औशाजवळ. काकांनी चार एकर सोयाबीन पेरलं, तीस-तीस किलोच्या चार बॅगा. पाऊस चांगला होता. आठ दिवसांनी रानात बघतो तर कुठंतरी एखादं रोप.

"आरं, पिशवीवर तर सत्तर टक्के छापलंय की!" काका म्हणाले.

छापलं होतंच. कुणी? ज्यानं बियाणं विकलं त्यानंच.

१९६६ च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. निळा टॅग म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेनं तपासलेलं. हिरवा टॅग म्हणजे 'ट्रुथफुल', सरकारी मराठीत सत्यप्रत. यात उगवणशक्ती कंपनीच तपासते आणि कंपनीच छापते. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते. (नाव मात्र ट्रुथफुल, मानलं पाहिजे!)

त्या वर्षी मराठवाड्यातून हजारो तक्रारी गेल्या, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सगळ्या कंपन्या चोर होत्या असं मी म्हणत नाही. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं, त्याचं टरफलही नाजूक. पण अशाच वर्षी दुसऱ्या कुणीतरी तपासायला नको? कृषी खात्याचे निरीक्षक नमुने घेतात, परभणीला प्रयोगशाळाही आहे. पण पेरणी रिपोर्टसाठी थांबत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. विमानाचा सप्लायर चुकला तर कस्टमर दिलेला अधिकार काढून घेतो. इथे कस्टमर म्हणजे काका. त्यांनी कुणाला काही सोपवलंच नव्हतं, कायद्यानं त्यांच्या वतीनं परस्पर सोपवलं. मग काढून काय घेणार? समिती आली, पंचनामा झाला, आणि दुबार पेरणीचं बियाणं काकांनी उधारीवर आणलं.

२०२३ मध्ये केंद्राचं 'साथी' पोर्टल आलं. क्यूआर कोडवरून बियाणं कुठून आलं ते कळतं. चांगलंच आहे. पण कुठून आलं हे कळणं वेगळं आणि कुणीतरी तपासलंय हे कळणं वेगळं. मला रजिस्टर हवंय : कुठल्या कंपनीचे किती नमुने घेतले, किती नापास झाले, मे महिन्यात दुकानाच्या दारावर लावा.

काका आता दरवर्षी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात. मागच्या मे महिन्यात बासष्ट उगवले. बॅग घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "फोडलेली बॅग परत घेत नसतोत, काका."