कुंपण आणि शेत

12 ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. पुणे–हैदराबाद महामार्गावरच्या अणदूर गावाच्या शिवारात हे दिवस सोयाबीनच्या राशीचे; आणि आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जडलेल्या बाईच्या हातात विळा ठरत नाही. सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली, मनगटं सुजलेली. घरात ‘वात आहे’ म्हणून तेल चोळलं जातं. याच महामार्गावरच्या भिगवणमध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे माणसांत एकाला आमवात आढळला. म्हणजे दुखणं गावोगावचं आहे.

हा रोग म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. राखण करणारी प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते. रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन या संशोधकांनी 1990च्या दशकात लंडनमध्ये दाखवून दिलं, की टीएनएफ हे एक प्रथिन अडवलं तर सूज ओसरते. त्यातून आलेल्या जैविक इंजेक्शनांनी अंथरुणाला खिळलेली माणसं चालती केली. 2014 मध्ये अशाच एका इंजेक्शनचं, अ‍ॅडॅलिमुमॅबचं, भारतीय जैवसमरूप (बायोसिमिलर) औषध आलं.

पण इकडे आवरलेलं कुंपण क्वचित दुसऱ्या कोपऱ्यात शेत खाऊ लागतं. टीएनएफ अडला, की इंटरफेरॉन या दुसऱ्या प्रथिनाचा जोर वाढू शकतो. काहींच्या रक्तात स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. थोड्यांना मात्र ल्युपस या आजारासारखा ताप, अंगावर चट्टे, छातीत दुखणं. कुणाच्या तळहाता-तळपायांवर सोरायसिस उमटतो, कुणाची नजर अंधुक होते. वेळीच ओळखून डॉक्टरांनी औषध थांबवलं किंवा बदललं, तर यातले बरेच त्रास ओसरतात.

वेळीच ओळखणार कोण? औषध शहरातल्या तज्ज्ञाने लिहिलेलं असतं. चट्टा दिसतो गावातल्या अंगणात. याचं उत्तर अणदूरनेच देऊन ठेवलं आहे. इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. आजार दारातच ओळखता येतो, हा विश्वास त्यातून रुजला. तोच विश्वास आता नव्या औषधांपर्यंत न्यायला हवा. प्रत्येक इंजेक्शनसोबत धोक्याच्या खुणा सांगणारं मराठी कार्ड द्यावं. आशाताईंना त्या खुणा शिकवाव्यात. दुष्परिणाम 1800-180-3024 या सरकारी क्रमांकावर कळवता येतो, हे रुग्णाला सांगावं.

रुग्णांनीही घाबरून औषध परस्पर सोडू नये. नवा चट्टा, ताप, अंधुक नजर दिसली, तर पुढच्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना दाखवावं. औषध गावापर्यंत पोहोचतं आहे. त्याची राखणही गावातच उभी राहिली पाहिजे.