वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या लहानपणी आम्हाला आमच्या मापाचा सदरा कधी मिळालाच नाही. शिंप्याच्या दुकानात पाऊल टाकताच वडील म्हणायचे, "वाढत्या अंगाचं शिवा हो!" मग शिंपी आमच्याहून दोन वर्षांनी थोरल्या अशा कुणा काल्पनिक मुलाचा सदरा शिवायचा आणि तो आमच्या अंगावर चढवायचा. त्या मुलाएवढे आम्ही होईपर्यंत सदरा काखेत उसवलेला असे. बुटांचं तेच. पुढे कापूस कोंबून दोन जून काढायचे. सायकल घेतली तीही मोठ्या माणसाची. सीटवर बसायची लायकी अंगी यायला मला तीन वर्षं लागली. तोवर दांडीखालून पाय घालून, तिरका होऊन, मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा!

वडिलांवर माझा राग नाही. बाह्या दुमडता येतात. पण हाच हिशेब बंदुकीला लावणारी शहाणीसुरती माणसं या जगात आहेत, हे मी साठी उलटल्यावर अमेरिकेत पाहिलं आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आमचे चिरंजीव विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा गावात असतात. नातवंडं सांभाळायला आम्ही उभयता सहा महिने तिथे होतो. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतो. बंदुकीचा हंगाम, नऊ दिवसांचा. आपल्याकडे आषाढीला गावं रिकामी होतात तशी तिथली घरं रिकामी होतात, आणि वारकऱ्यांच्या पताका फिक्या पडतील असे भडक नारिंगी कपडे घालून मंडळी रानात जातात. मुलांसाठी ऑक्टोबरात वेगळे दोन दिवस असतात. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार करायची तर त्या राज्यात पूर्वी निदान दहा वर्षांचं असावं लागे. २०१७ साली ती अटच काढून टाकली. त्या वर्षी पाळण्यातल्या बाळांच्या नावानंसुद्धा काही परवाने काढले गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. बारशाला आपण वाळे देतो, त्यांनी परवाना दिला. ज्याची त्याची हौस!

शेजाऱ्याची मुलगी अकरा वर्षांची. दोन वेण्या, दातांना तार, वजन आपल्याकडच्या गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढंही नसेल. तिला त्या ऑक्टोबरात हरीण मारायचं होतं, म्हणजे तिला रायफल घ्यायची होती.

मुलाच्या हाती बंदूक द्यावीच कशाला, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. आमच्या हिच्या ओठांवरून तो रोज सकाळी चहाबरोबर बाहेर पडायचा. तो वाद मोठा आहे आणि तो घालायला मी लायक नाही. ज्या घरात फ्रीझर हरणाच्या मांसानं भरल्याशिवाय हिवाळा सुरू होत नाही, त्या घरात जाऊन, अंडंसुद्धा आमलेट झाल्यावरच ओळखणाऱ्या मी उपदेश करावा हे काही खरं नाही. माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. द्यायचीच ठरली, तर ती पोरीच्या अंगाची द्या. काकाच्या पुरुषार्थाची देऊ नका.

कारण घरात तीन पक्ष पडले होते. आजोबांचं म्हणणं, आपली जुनी थर्टी-ऑट-सिक्स आहे ना! १९०६ साली अमेरिकन लष्करानं स्वीकारलेलं हे काडतूस; आजोबा त्याच्याविषयी कुलदैवतासारखं बोलत. मामा त्याच्याही पुढे. त्याला मॅग्नम हवी होती. "आणखी चार वर्षांनी लागेलच, मग दोनदा खर्च कशाला?" वाढत्या अंगाचं शिवा हो! आणि बाप बिचारा दोघांच्या मध्ये उभा. पोरीला कुणी विचारलंच नव्हतं.

आता या विषयात मी बोलणारा कोण? सांगतो. कॉलेजात असताना मी एन. सी. सी. मध्ये होतो. तिथे पॉइंट टू-टूनं मी बरे नेम मारायचो. एकदा आमच्या हाती थ्री-नॉट-थ्री दिली. पहिल्या गोळीला दस्त्यानं खांद्याचं हाड असं काही शेकलं की उरलेल्या चार गोळ्या मी डोळे गच्च मिटून आणि मनात रामरक्षा म्हणत झाडल्या. दोन शेजारच्याच्या टार्गेटवर लागल्या. त्याला शाबासकी मिळाली. उस्तादांनी मला विचारलं, "आँख बंद करके किसको याद कर रहा था?" तेव्हापासून बंदुकीचा धक्का या विषयावर माझा अधिकार मी कुणालाही नाकारू देत नाही.

धक्का खांद्याला बसतो हे खरं, पण नुकसान डोक्यात होतं. एकदा दणका खाल्लेलं शरीर दुसऱ्यांदा चाप ओढण्याआधीच अंग चोरतं. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. ही खोड लागायला एक सकाळ पुरते आणि जायला वर्षं लागतात. कागदाच्या टार्गेटवर याचा खर्च शून्य. पण पलीकडे जिवंत हरीण उभं असेल तर? त्याचं काळीज-फुप्फुसाचं ठिकाण जेमतेम ताटाएवढं. तिथे गोळी लागली तर जनावर चार-दोन क्षणांत संपतं. वीतभर मागे, पोटात लागली, तर ते पळून जातं आणि रात्रभर कुठेतरी झाडीत तडफडतं. मग मामाच्या मॅग्नमचा त्याला काय उपयोग? मोठ्या गोळीनं पोट फुटलं म्हणजे हरीण जास्त समाधानानं मरतं की काय?

हे मी कुंपणाशी उभं राहून मामाला ऐकवलं. चिरंजीव आतून खुणा करत होते, "बाबा, तुम्ही यात पडू नका." पण मी पडलोच होतो.

थोडे आकडे सांगतो. बँकेत उभा जन्म गेला, आकड्यांवाचून मला बोलता येत नाही. धक्का फूट-पाउंडांत मोजतात. आठेक पाउंड वजनाच्या थर्टी-ऑट-सिक्सचा साधारण वीस, मामाच्या .३०० मॅग्नमचा पंचविसाच्या वर. याउलट .२४३ विंचेस्टरचा नऊ-दहा आणि सेव्हन-एम-एम-झीरो-एटचा बारा-तेरा. ही दोन्ही काडतुसं एकाच .३०८च्या पितळी टोपणाची तोंडं आवळून केलेली, म्हणजे एका आईची लेकरं. पहिलं १९५५ सालचं, दुसरं १९८० मध्ये बाजारात आलं. दोन्हींनी हरीण बिनतक्रार मरतं. त्यांच्या रानात झाडी अशी दाट की शंभर यार्डांपलीकडचं बहुधा दिसतच नाही. मग तीनशे यार्डांची तोफ कशाला? वरणाला फोडणी द्यायला कुणी भट्टी पेटवतं का?

आणखी एक गंमत. दुकानदार प्रेमानं हलकी रायफल पुढे करतात: "मुलीला उचलायला सोपी!" उचलायला सोपी खरी, पण रायफल जितकी हलकी तितकी ती उलटी जोरात येते. तेच काडतूस आठाऐवजी सहा पाउंडांच्या रायफलीतून झाडलं की धक्का तिसऱ्या हिश्शानं वाढतो. तेव्हा पोरीला थोडं वजन उचलू द्या. नाहीतरी नेम धरताना ती काठीवर नाहीतर कठड्यावर टेकवायचीच असते.

हे सगळं माझं कुणी ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. एका शनिवारी आजोबांची रायफल घेऊन सगळे नेमबाजीच्या मैदानावर गेले, मलाही नेलं. दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा, पोरीचे हात आखूड. दुर्बिणीतून दिसावं म्हणून तिनं मान पुढे ताणली. बार झाला आणि दुर्बिणीची कड सरळ भुवईवर! अर्धचंद्राकृती जखम, रक्ताची धार. मामा म्हणतो कसा, "हे तर आमच्या घराण्याचं निशाण!" आजोबांनी स्वतःच्या भुवईवरचा जुना व्रण कौतुकानं दाखवला. पोरगी रडली नाही. म्हणाली, "लागलं नाही मला." ते वाक्य मी ओळखलं. चापट्या बूटांनी पायाला फोड आले की मीही वडिलांना हेच सांगायचो.

पुढल्या वेळी बापानं शहाणपणा केला. तिच्या नकळत रायफलीत एक खोटं, बिनबाराचं काडतूस भरलं. तिनं चाप ओढला. आवाज नाही, धक्का नाही, पण नळी हातभर खाली आपटली आणि डोळे गच्च मिटलेले! आजोबा गप्प झाले. मामा आपल्या टोपीकडे पाहू लागला. बाप काही न बोलता पोरीचा हात धरून गाडीकडे गेला.

मग .२४३ आली. आली तीही आखूड दस्त्याची. दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोट चापाशी पोहोचलं पाहिजे, हे माप. मागे रबराची जाड गादी, आणि पोरगी वाढेल तशा घालायला निराळ्या चकत्या. आमचा शिंपी शिवणीत माया ठेवायचा तशी. आधी बेतून द्यावं, मग उसवून वाढवावं, एवढी साधी गोष्ट!

गोळ्यांच्या पेटीवरून मात्र मी पुन्हा एक भांडण केलं. काउंटरवरच्या पोरानं .२४३ची स्वस्तातली पेटी काढली, ५८ ग्रेनची. ती कायोटीसारख्या लहान जनावरांसाठी. कातडीखाली शिरताच तिचे तुकडे होतात. हरणासाठी ९५-१०० ग्रेनची, आत शिरून मग फुलणारी गोळी लागते. निव्वळ तांब्याची घेतली तर ८०-८५ सुद्धा चालते, आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. खाणारी शेवटी ही पोरंच! कॅलिफोर्नियात तर २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. बापानं तांब्याची घेतली. पेटीची किंमत पाहून माझ्या पोटात गोळा आला, पण मी विषय काढला होता, मागे कसा फिरू?

पंधरा दिवस पोरगी नुसत्या पॉइंट टू-टूनं शिकली. कानात बोंडकी आणि वरून कर्णटोप, कारण निम्मं बिचकणं आवाजाचंच असतं. रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा, नळीवर एक नाणं ठेवून. नाणं पडलं की पुन्हा. .२४३चे बार एका दिवसात दहाच्या वर नाहीत, अकरावा मागितला तर बाप म्हणायचा, "घरी चल."

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तिनं एक मोठा नर सोडला. का, तर मध्ये फांद्या होत्या. मामा हळहळला. रविवारी साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बाप हाताच्या अंतरावर. एक बार. मादी चाळीसेक पावलं गेली आणि बसली. पोरगी तिच्याशेजारी बराच वेळ उकिडवी बसून होती, थोडी रडलीही, असं बापानं मला सांगितलं. डोळे उघडे होते का, एवढंच मी विचारलं. होते म्हणाला. त्यांनी मांसाची एक पुडी आमच्याकडे पाठवली. हिनं ती दोन बोटांत धरून शेजारच्या तेलुगू कुटुंबाला दिली.

नोव्हेंबरातल्या हंगामाच्या आदल्या दिवशी आजोबा कुंपणाशी आले. खांदा अलीकडे दुखतो म्हणाले, थंडीनं. हातात नातीची .२४३ होती. तिच्या परवानगीनं आठ दिवसांपुरती मागून घेतली होती. दस्ता तेवढा आखूड पडत होता, म्हणून त्यांनी मागे दोन चकत्या चढवल्या होत्या.