अदलाबदल झालेलं गाव

सप्टेंबर संपत आला होता. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयवालिक नावाचं गाव आहे आणि गावापासून सात-आठ किलोमीटरवर सारिमसाकली नावाची लांबच लांब पुळण. तिथल्या शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे पोराबाळांची गर्दी ओसरलेली. हॉटेलवाले निम्म्या छत्र्या मिटवून, आरामखुर्च्या एकमेकींवर रचून ठेवत होते. पाणी मात्र अजून उबदार होतं. इझमिरला कामासाठी गेलो होतो, दोन दिवस मोकळे मिळाले, म्हणून दीडशे किलोमीटरचा बसप्रवास करून इथे आलो. समोर पाण्यापलीकडे लेस्बोस बेट. ते ग्रीसचं. फेरीबोट तासा-दीड तासात पोचवते.

पोहून झालं, वाळूवर बसलो आणि सवयीनं मोबाइल उघडला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलेला. मजकूर असा, की १९४७ साली डॉ. आंबेडकरांचं ऐकून तुर्कस्तान-ग्रीससारखी लोकसंख्येची पूर्ण अदलाबदल केली असती, तर आज देशात कटकटच उरली नसती. खाली सात-आठ अंगठे. थोड्या वेळानं पाठवणाऱ्या काकांना आठवलं असावं की ग्रुपवर एक मुसलमानही आहे. लगेच दुसरा मेसेज: ‘भाई, तुमच्याबद्दल नाही हं. तुम्ही तर आपलेच. तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.’

एरवी मी अशा फॉरवर्डला उत्तर देत नाही. पण त्या दिवशी गप्प बसणं जमेना. कारण काकांनी ज्या तोडग्याचं गुणगान केलं होतं, तो जिथे प्रत्यक्षात आणला गेला, नेमक्या त्याच गावात मी बसलो होतो.

आयवालिक १९२२ पर्यंत जवळजवळ संपूर्णपणे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं गाव होतं. ऑलिव्हचं तेल आणि साबण हा त्यांचा धंदा. जुन्या कारखान्यांची विटांची धुराडी अजून गावभर उभी आहेत. आपल्याकडे हकीम ज्याचं बी बिहीदाणा म्हणून देतात, ते फळ तुर्कीत ‘आयवा’. त्यावरून आयवालिक. ग्रीक लोक गावाला किदोनिएस म्हणायचे, आणि त्याचाही अर्थ तोच. फळ तेच राहिलं, माणसं मात्र सगळी बदलली.

गावात ‘साअतली जामी’ आहे. साअत म्हणजे घड्याळ, जामी म्हणजे मशीद. उर्दू-अरबीचा गंध असलेल्या माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. ही घड्याळाची मशीद म्हणजे पूर्वीचं संत योहानाचं चर्च. मी तिथे जोहरची नमाज पढलो. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा मनात आलं, ही फरशी ज्यांनी घातली, त्यांच्यापैकी एकाचंही घर आज या गावात नाही. हे केवळ तुर्कांचं पाप आहे असं कुणी समजू नये. समोरच्या किनाऱ्यावर तोच हिशेब उलट्या बाजूनं झाला. क्रीटमधल्या रेथिम्नो शहरातल्या नेरात्झे मशिदीत आज संगीताचे कार्यक्रम होतात. लेस्बोसवरची ‘येनी जामी’, म्हणजे नवी मशीद, आज पडीक आहे.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे याच मोसमात, ग्रीक सैन्याचा पराभव झाला. हे सैन्य तुर्कांच्या भूमीवर चाल करून आलं होतं आणि माघार घेताना त्यानं गावंच्या गावं जाळली होती, हेही सांगितलं पाहिजे. पण त्याची किंमत मोजली आयवालिकच्या तेल्यांनी आणि साबण बनवणाऱ्यांनी. बायका, मुलं, म्हातारे बोटींतून लेस्बोसला गेले. कामाच्या वयाच्या पुरुषांना मजूर-तुकड्यांत घालून आतल्या मुलखात पायी हाकलण्यात आलं. त्यांत अठरा वर्षांचा इलियास वेनेझिस होता. पुढे तो मोठा ग्रीक लेखक झाला. त्यानं आपल्या कैदेवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं कैदेतल्या स्वतःच्या नंबराचं: ३१३२८. त्याच्या सांगण्यानुसार तीन हजारांपैकी तेवीस जण जिवंत परतले.

मग ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात करार झाला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. अपवाद फक्त इस्तंबूलच्या ग्रीकांचा आणि पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांचा. बाकी सगळ्यांना सक्ती. गेलेल्यानं सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहायचं नाही, हे करारात लिहिलेलंच होतं. सुमारे बारा लाख ख्रिश्चन आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान यांत उखडले गेले. वाटाघाटीत ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता लॉर्ड कर्झन. हो, १९०५ साली बंगालची फाळणी करणारा तोच. त्या कर्झनलासुद्धा हा तोडगा वाईट वाटला. जग याची किंमत शंभर वर्षं मोजेल, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला होता. तरीही सही झाली.

आता या करारातली खरी गोम सांगतो, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. माणूस तुर्क की ग्रीक, हे ठरवायचं कशावरून? भाषेवरून नाही, गावावरून नाही, त्याला स्वतःला काय वाटतं त्यावरून तर नाहीच. फक्त धर्मावरून.

क्रीट बेटावरचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक बोलत. त्यांच्यातल्या अनेकांना तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. त्यांना ‘तुम्ही तुर्क’ म्हणून बोटीत बसवलं. दुसरीकडे अनातोलियाच्या आतल्या भागात करामानली नावाचे ख्रिश्चन होते. त्यांची घरची भाषा तुर्की. त्यांचे धर्मग्रंथही तुर्कीत, फक्त लिपी ग्रीक. त्यांना ‘तुम्ही ग्रीक’ म्हणून तिकडे धाडलं. म्हणजे तुर्की बोलणारे ग्रीसला गेले, ग्रीक बोलणारे तुर्कस्तानला आले, आणि कागदावर लिहिलं गेलं की प्रत्येक जण आपापल्या मायदेशी पोचला.

आयवालिकमध्ये मी ज्या बाईंच्या घरी खोली घेतली होती, त्यांची आजी अशीच लहानपणी क्रीटहून आलेली. बाईंची पुतणी इंग्रजीतून दुभाषाचं काम करत होती. आजी शेवटपर्यंत हिशेब ग्रीकमध्ये करायची, भांडायचीही ग्रीकमध्येच. पण दारावर कुणी आलं की गप्प व्हायची. या लोकांना इथले मुसलमान काय म्हणायचे माहीत आहे? ‘यारिम गावुर’. अर्धे काफिर. कलमा पढणारे, रोजे ठेवणारे, दीनसाठी म्हणून देशोधडीला लावलेले हे लोक, आणि इथे आल्यावर अर्धे काफिर! का, तर बोली ‘त्यांची’. १९२८ साली इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीमच काढली. मग आजीनं गप्प व्हायचं नाही तर काय करायचं? आणि तिकडे ग्रीसमध्ये करामानलींच्या नशिबी काय आलं? आलेल्या निर्वासितांना तिथे ‘तुर्कांची बीजं’ म्हणून हिणवलं गेलं.

रात्री बाईंनी ऑलिव्ह तेलातली रानभाजी वाढली. क्रीटचे लोक रानपाला खाणारे म्हणून इथले लोक त्यांची थट्टा करतात, म्हणाल्या. मला आमची रत्नागिरीकडची दादी आठवली. पावसात टाकळा-कुर्डू आणून निवडायला बसायची. ती जी बोलायची ती आमची कोकणी बोली. उर्दू तिला कळायची, बोलता यायची नाही. लोझानचा तराजू आमच्या गावात आला असता, तर दादीचं वजन भाजीत किंवा बोलीत झालं नसतं. तिचं नाव विचारलं असतं आणि बोटीत बसवलं असतं. काकांना माझं शुद्ध मराठी आवडतं. पण त्यांनी जो उपाय फॉरवर्ड केला, त्यात मराठीला शून्य गुण आहेत.

बरं, एवढं करून शांतता तरी आली का? जे अपवाद म्हणून मागे राहिले, त्यांचं पाहा. ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ ला इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकानं, घरं, चर्च जमावानं फोडली. एके काळी लाखाच्या वर असलेले ते लोक आज काही हजार उरलेत. ग्रीसनं आपल्या नागरिकत्व कायद्यातल्या एका कलमाखाली, १९५५ ते १९९८ या काळात देशाबाहेर गेलेल्या सुमारे साठ हजार लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्यांत बहुतेक थ्रेसचे मुसलमान. १९७४ ला सायप्रस दुभंगलं, तिथे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक अजून पहारा देतात. माणसं अदलून घेतली की वैर संपतं, हा समज खोटा आहे. उलट जे थोडे उरतात ते ओलीस होतात. तिकडे काही घडलं की इकडच्यांची दारं फुटतात.

आता बाबासाहेबांविषयी. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरियाचा दाखला देऊन लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार केला, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही. अल्पसंख्याकांना कागदी हमी देऊन भागत नाही, या चिंतेतून ते तिथवर आले होते, आणि ती चिंता खोटी नव्हती. त्याच ग्रंथात मुस्लिम समाजातल्या सामाजिक कुप्रथांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. तेही मला मान्य आहेत, आम्ही ते वाचायलाच हवेत. पण मला हा मुद्दा पटत नाही, आणि बाबासाहेबांशी असहमत होण्याची मुभा मला बाबासाहेबांनीच घटनेतून दिली आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच, की याच ग्रंथात ‘हिंदू राज’ आलं तर ती या देशावरची सर्वांत मोठी आपत्ती ठरेल, असाही इशारा आहे. त्याचा मेसेज तुमच्या ग्रुपवर कधी आला का? आणि १९५० साली याच माणसानं देशाला घटना दिली, तिच्यात नागरिक ठरवताना धर्माची अट कुठे आहे?

एवढं बोलून मी थांबलो, तर ते अर्धंच होईल. कारण लोझानचा तराजू आपल्याही घरात आहे. आपले काही मौलवी आणि पुढारी गावोगाव सांगत असतात की मुसलमानाची भाषा उर्दू. जनगणनेचा माणूस दारात आला की घरात मराठी बोलणारं कुटुंबही मातृभाषेच्या रकान्यात उर्दू लिहून मोकळं होतं. उर्दूशी माझं काही वैर नाही, मी ती आवडीनं वाचतो. पण जी भाषा आईनं दिली ती लपवायची आणि जी दिली नाही ती लिहायची, हा कुठला इमान? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ हाती घेतला तो मराठीसाठी. हमीद दलवाई आमच्याच कोकणातले, त्यांनी कथा मराठीत लिहिल्या आणि भांडणंही मराठीतच केली. हा वारसा आपण स्वतःच्या हातानं खोडला, तर ‘धर्म सांग, भाषा नको’ म्हणणाऱ्या काकांमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला? आजीला अर्धी काफिर म्हणणारेही मुसलमानच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोट सुटताना पाहिली. आपल्या आजोबांचं गाव बघायला तिकडचे लोक इकडे येतात आणि इकडचे तिकडे जातात, पुतणी सांगत होती. बाईही एकदा क्रीटला जाऊन आल्या. आजीनं सांगितलेली विहीर सापडली. घर सापडलं नाही. घरातले आताचे लोक कोण असतील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुणास ठाऊक, कदाचित इथूनच गेलेले असतील.

बस सुटायच्या आधी मी ग्रुपवर लिहिलं: ‘काका, तुम्ही म्हणता ती अदलाबदल जिथे झाली, तिथे मी आत्ता आहे. तिच्या नियमात ‘आपलेच’ असा रकाना नव्हता. माझं मराठी तुम्हाला खरंच आवडत असेल, तर त्या नियमानं माझं काय झालं असतं, याचा एकदा विचार करा. आणि हो, माझ्या दादीचंही.’

काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. अंगठे देणाऱ्यांपैकी कुणीच काही बोललं नाही. रविवारी पुण्यात परतलो तेव्हा ते लिफ्टपाशी भेटले, म्हणाले, ‘फिरून आलात म्हणे. कसं आहे गाव?’ मी म्हणालो, चहाला या, सांगतो. अजून आले नाहीत. म्हणून इथे लिहिलं.