विश्लेषण : डीआय जलवाहिनीची ताकद भट्टीत कशी ठरते?

पनवेल शहराचे स्वतःचे देहरंग धरण लहान आहे. त्यामुळे बाकीचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडको यांच्याकडून घ्यावे लागते. उन्हाळ्यात टंचाई असताना जलवाहिनी फुटली, की टँकरशिवाय पर्याय उरत नाही. देशभरात जुन्या बिडाच्या वाहिन्यांच्या जागी आता ‘डीआय’, म्हणजे डक्टाइल आयर्नचे पाइप टाकले जातात. खरेदीवेळी चर्चा होते ती व्यासाची आणि के-७, के-९ या जाडीच्या वर्गांची. पण जमिनीखाली पाइप ताण सोसेल की तडकेल, हे बऱ्याच अंशी कारखान्यातील उष्णताप्रक्रिया ठरवते.

बीड आणि डीआयमध्ये फरक काय?

दोन्हींत साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो. बिडात तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथूनच तडा जातो. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम मिसळले, तेव्हा ग्राफाइटच्या गोल गुठळ्या तयार झाल्या. गुठळीला टोक नसल्याने तडा सहज पसरत नाही. १९४९ मध्ये या पद्धतीला पेटंट मिळाले.

मग भट्टीची गरज का?

पाइप गरगर फिरणाऱ्या धातूच्या साच्यात ओततात. साचा बाहेरून पाण्याने थंड ठेवलेला असतो. रस झपाट्याने गोठतो आणि कार्बनचा काही भाग गुठळीत न जाता लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट हे अतिकठीण, ठिसूळ संयुग बनते. म्हणजे मॅग्नेशियम घालूनही साच्यातून निघालेला पाइप ठिसूळच असतो.

भट्टीत नेमके काय होते?

पाइप ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. सिमेंटाइट विघटित होते आणि सुटलेला कार्बन गुठळ्यांकडे जातो. नंतर सुमारे ७०० अंशांच्या टप्प्यातून पाइप सावकाश थंड करतात. त्यामुळे मऊ, चिवट फेराइट तयार होते. इथे घाई झाली, तर पर्लाइट उरते. ताकद वाढते, पण तन्यता घटते.

मानक काय सांगते?

भारतीय मानक आयएस ८३२९ नुसार पाइपची ताणशक्ती किमान ४२० मेगापास्कल हवी. १००० मिमी व्यासापर्यंतच्या पाइपची लांबण तुटण्याआधी किमान १० टक्के हवी, म्हणजे ५० मिमीचा नमुना किमान ५ मिमी ताणला गेला पाहिजे. बीड एक टक्काही ताणले जात नाही. कठीणपणा २३० ब्रिनेलपेक्षा जास्त नसावा.

उष्णताप्रक्रियेने उलटही साधते का?

होय. त्याच लोखंडाचा सुटा भाग ८५० ते ९५० अंशांवर तापवून २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या क्षारात बुडवला, तर सुईसारख्या फेराइटची रचना मिळते. याला ऑस्टेम्परिंग म्हणतात. ताणशक्ती ८०० मेगापास्कलच्या पुढे जाते. गिअर आणि वाहनांच्या भागांसाठी ते उपयोगी ठरते. जलवाहिनीला मात्र एवढ्या ताकदीपेक्षा चिवटपणा हवा.

पनवेलकरांनी याकडे का पाहावे?

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तळोजा एमआयडीसी आणि महामार्ग यांमुळे इथल्या रस्त्यांवर अवजड वाहनांचा भार मोठा. खाडीकाठच्या भरावाची जमीन खचते, तेव्हा पाइपला वाकवणारा ताण येतो. कारखान्यातील पाण्याच्या दाबाची चाचणी गळती दाखवते, तन्यता नाही. ठिसूळ पाइपही ती पार करू शकतो आणि रंग, सिमेंटचे अस्तर चढल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही.

म्हणून खरेदी करताना दाबचाचणीच्या दाखल्यावर थांबू नये. पाइपच्या टोकातून कापलेल्या नमुन्याची लांबण, कठीणपणा आणि सूक्ष्मदर्शकाखालील रचना यांचे अहवाल त्या त्या तुकडीसाठी मागावेत. पाइप एकदा गाडला, की पुढची काही दशके तो तपासायला कोणी खड्डा खणत नाही.