नाताळ, मराठीतून

नाताळ आला की कर्वेनगरातले मोबाइल तयार ‘मेरी ख्रिसमस’ चित्रांनी भरतात. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला मराठीत दोन ओळी लिहायला मात्र आपण बिचकतो. सण आपल्या भाषेतला नाही, असा आक्षेप येईल. पण फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले, तेही मराठी ओवीत. ‘नाताळ’ शब्द पोर्तुगीज खरा. मग ‘पाव’ आणि ‘चावी’ कुठले? शिवाय ज्यांच्या नावाने हे उपनगर ओळखले जाते, त्या महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई (पूर्वाश्रमीच्या गोदूबाई) शिकल्या त्या ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. वेळ नाही म्हणाल, तर नाव घालून ‘नाताळच्या शुभेच्छा, करंज्या राखून ठेवा’ एवढे लिहायला अर्धे मिनिट पुरते.